शिरेतून देण्याचे इम्युनोग्लोब्युलिन : नऊ वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या मुलाला दर चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिले जाते. इम्युनोग्लोब्युलिन म्हणजे दात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे, जंतूंशी लढणारी प्रथिने. पहिली बाटली लागली तेव्हा तो अडीच वर्षांचा होता. आता तो साडेअकरा वर्षांचा आहे आणि हे औषध आतापर्यंत शंभराहून अधिक वेळा त्याच्या शरीरात गेले आहे. सुरुवातीला ११ किलो वजनाला ५ ग्रॅमची एक बाटली पुरत असे, आज ३२ किलो वजनाला तशा तीन लागतात. या नऊ वर्षांत आम्ही तीन कंपन्यांचे औषध वापरले, ५ टक्के आणि १० टक्के अशी दोन्ही द्रावणे घेतली, एक डे-केअर केंद्र सोडून दुसरे धरले आणि औषधासाठी चार निरनिराळ्या विक्रेत्यांशी व्यवहार केला. कंपन्यांची नावे मी येथे देणार नाही, कारण एका मुलाला सोसणारे औषध दुसऱ्याला सोसत नाही, हे मी शेजारच्या खाटांवर पाहिले आहे. मी लिहिणार आहे ते या औषधाच्या प्रकाराविषयी, आणि ते विकत घेण्यापासून शिरेत जाईपर्यंतच्या सेवेविषयी. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे पेशींचा भाग थोडा लांबेल. पण तो समजल्याशिवाय या बाटलीची किंमत, तिची मर्यादा आणि तिच्या वेळापत्रकाचा काटेकोरपणा यांपैकी काहीच नीट कळत नाही.

मुलाच्या आजाराचे नाव एक्स-लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया, म्हणजे एक्स गुणसूत्रावरील बिघाडामुळे शरीरात प्रतिपिंडे न बनण्याचा आजार. जन्मानंतरचे पहिले सहा-सात महिने तो अगदी निरोगी होता, कारण गर्भात असताना माझ्याकडून त्याला मिळालेली प्रतिपिंडे तेवढा काळ पुरली. ती संपल्यावर कान फुटणे सुरू झाले, मग दोनदा न्यूमोनिया झाला आणि सव्वादोन वर्षांचा असताना गुडघ्यात पू झाला. तोवर चार डॉक्टरांनी चार वेळा प्रतिजैविके दिली होती आणि प्रत्येक वेळी तो बराही झाला होता, म्हणूनच मुळाशी काही आहे असे आम्हाला वाटले नाही. पाचव्या डॉक्टरांनी बॅटरी लावून त्याचा घसा पाहिला आणि बराच वेळ त्या पाहतच राहिल्या. एवढे संसर्ग होणाऱ्या मुलाचे टॉन्सिल मोठे असायला हवे होते. याचे दिसतच नव्हते. टॉन्सिल हा मुख्यतः बी-पेशींच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या, वस्तीने भरणारा अवयव आहे, आणि वस्तीला कोणी आलेच नव्हते. रक्ततपासणीत आयजीजी हे रक्तातले मुख्य प्रतिपिंड प्रति डेसिलिटर ४० मिलिग्रॅम निघाले, म्हणजे नसल्यातच जमा. आयजीए आणि आयजीएम ही इतर प्रतिपिंडे मोजण्याइतकीही नव्हती. टी-पेशी या दुसऱ्या प्रकारच्या संरक्षक पेशी पुरेशा होत्या. बी-पेशी एक टक्काही नव्हत्या.

डॉक्टरांनी त्याच बैठकीत आमच्या घराण्याची वंशावळ कागदावर काढली. माझा धाकटा भाऊ चार वर्षांचा असताना छातीच्या दुखण्याने गेला. माझी आई अजूनही त्याला थंडी बाधली असे म्हणते. वंशावळीत त्याच्या नावाभोवती काढलेला चौकोन त्यांनी काळा केला आणि त्याला माझ्या मुलाच्या चौकोनाशी जोडणारी रेघ माझ्यातून गेली.

आता हे औषध नेमकी कोणती उणीव भरून काढते, ते पाहू. बी-पेशी हाडांच्या मज्जेत तयार होतात आणि पक्व होईपर्यंत त्यांना टप्प्याटप्प्याने संदेश मिळावे लागतात. संदेश मिळाला तरच पेशी जगते आणि पुढे सरकते. न मिळाला तर ती मरते. प्रतिपिंड जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचे बनते. पहिला मोठा टप्पा प्रतिपिंडाच्या जड साखळीचा. पेशी आपल्या जनुकांचे तुकडे कापून, निवडून, पुन्हा जोडून एक नवी साखळी बनवते. ही जोडणी यदृच्छेने होते आणि बऱ्याचदा फसते. म्हणून हलकी साखळी तयार होण्याच्या आधीच जड साखळीची परीक्षा घेतली जाते: तिला एक तात्पुरती, उसनी हलकी साखळी जोडून पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही, म्हणजे संदेश घेणारी रचना, उभा केला जातो. हा पूर्व-ग्राही नीट बसला तर त्याच्या शेजारची आयजी-अल्फा आणि आयजी-बीटा ही दोन प्रथिने आत संदेश पाठवतात. लिन आणि सिक ही विकरे जागी होतात, बीएलएनके नावाचे प्रथिन जोडपट्टीसारखे काम करते, त्या जोडपट्टीवर बीटीके नावाचे विकर येऊन बसते, बीटीके पुढे फॉस्फोलायपेज-सी-गॅमा-२ या विकराला कामाला लावते आणि पेशीत कॅल्शियमची लाट उठते. या लाटेचा अर्थ असा की साखळी चांगली निघाली आहे, तेव्हा जग, काही वेळा विभागून आपली संख्या वाढव आणि जनुकांच्या दुसऱ्या प्रतीची कापाकापी थांबव. हलकी साखळी बनवण्याचे काम त्यानंतरचे.

माझ्या मुलात बीटीके नाही. त्याच्या मज्जेत पहिल्या पायरीवरच्या पेशी आहेत, त्यांनी साखळ्याही बनवल्या आहेत, त्यांतल्या कित्येक उत्तम असतील. पण साखळी चांगली आहे हे आत कळवणारा दुवाच तुटलेला असल्यामुळे त्या तेथेच थांबतात आणि मरतात. पहिल्या आठवड्यात मी समजत होते की त्याचे शरीर प्रतिपिंडे बनवायला विसरले आहे. ते तसे नव्हते. प्रतिपिंडे बनवणारी पेशी परीक्षा देऊन बसली होती आणि निकाल सांगायला कोणी नव्हते. विद्यार्थ्यांना हा धडा मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी या वाक्याशी माझा आवाज थोडा बदलतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते, कारण पाठ्यपुस्तकी माहिती बऱ्याचदा उंदरांवरून घेतलेली असते. बीटीके नसलेल्या उंदरांत बी-पेशी कमी होतात, पण राहतात, कारण टेक नावाचे एक नातलग विकर त्यांची बरीचशी गरज भागवते. माणसात तसे होत नाही. तेथे पेशींचा ओघ जवळजवळ पूर्ण तुटतो. उलट इंटरल्यूकिन-७ या संदेशावाचून उंदरांच्या बी-पेशी वाढतच नाहीत, पण त्याचा ग्राही बिघडलेल्या माणसाच्या बाळांत टी-पेशी नसल्या तरी बी-पेशी असतात. म्हणजे एकाच कामासाठी दोन प्राण्यांनी निरनिराळ्या संदेशांवर भर दिला आहे. उंदरांवरील उपचारांच्या बातम्या वाचून आम्ही दोन वेळा फार आशेने डॉक्टरांकडे धावलो होतो, आणि दोन्ही वेळा त्यांनी हाच फरक शांतपणे समजावून सांगितला.

निदान पक्के करण्यासाठी आमचे नमुने मुंबईला परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी या संस्थेत गेले. बी-पेशीच नाहीत तर त्यांतले बीटीके तपासणार कसे, असा प्रश्न मला पडला होता. त्याचे उत्तर असे की बीटीके मोनोसाइट या पांढऱ्या पेशींतही असते, मात्र तेथे त्याच्यावाचून पेशीचे फारसे अडत नाही. म्हणून फ्लो सायटोमेट्री या पेशी मोजण्याच्या तंत्राने मोनोसाइट तपासतात. मुलाच्या मोनोसाइटमध्ये बीटीके नव्हते. माझ्या मोनोसाइटमध्ये दोन गट दिसले, साधारण निम्म्यांत बीटीके होते आणि निम्म्यांत नव्हते, कारण स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू राहते आणि माझ्या एका एक्सवर हा बिघाड आहे. पण माझ्या बी-पेशी मात्र सगळ्याच्या सगळ्या बीटीके असलेल्या होत्या. बिघडलेले एक्स चालू ठेवणाऱ्या पेशी माझ्याही मज्जेत जन्माला येतात, त्याही त्या परीक्षेपाशी थांबतात आणि मरतात. उरलेल्या निम्म्या वाढून माझी सारी गरज भागवतात. मुलाला जे झाले ते माझ्या मज्जेत आयुष्यभर रोज होत आले आहे आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. तो आलेख मी फ्रेम करून ठेवलेला नाही, पण फाईलमध्ये सर्वांत वर ठेवला आहे. माझ्या बहिणीनेही नंतर तपासणी करून घेतली. तिच्या मोनोसाइटमध्ये बीटीके असलेला एकच गट दिसला, म्हणजे तिच्यात हा बिघाड नव्हता, आणि त्या दिवशी आम्ही दोघी फोनवर बराच वेळ रडलो.

आता बाटलीकडे वळते. हजारो दात्यांच्या रक्तद्रवातून वेगळे काढलेले आयजीजी तिच्यात असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एडविन कोन यांनी अल्कोहोलच्या साहाय्याने रक्तद्रवातील प्रथिने वेगळी करण्याची पद्धत बसवली, तिच्यावर हे उत्पादन अजूनही बऱ्याच अंशी उभे आहे. त्यावर विषाणू नष्ट करण्याच्या पायऱ्या, म्हणजे विद्रावक आणि डिटर्जंट, आम्लता, अतिसूक्ष्म गाळणी, या नंतर चढल्या. वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातील ऑग्डेन ब्रूटन यांनी १९५२ साली आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात गॅमा ग्लोब्युलिन नाही हे ओळखले आणि त्याला त्वचेखाली गॅमा ग्लोब्युलिन टोचून बरे ठेवले. या आजाराला त्यांचे नाव मिळाले. बीटीकेचे जनुक सापडले ते १९९३ साली. मधली चाळीस वर्षे कारण माहीत नसताना उपचार मात्र योग्य चालू होता, ही मला या औषधाविषयीची सर्वांत आदराची गोष्ट वाटते. पूर्वी स्नायूत टोचावे लागणारे हे द्रावण १९८०च्या दशकात शिरेतून देता येऊ लागले, त्यामुळे मात्रा वाढवता आली आणि मुलांचे ते वेदनामय दंड-मांड्यांचे टोचणे टळले.

औषध आपले मुख्य काम चोख करते, हे मी पहिल्यांदा सांगते. पहिल्या वर्षानंतर मुलाला एकदाही न्यूमोनिया झालेला नाही. गुडघा पूर्ण बरा आहे, तो शाळेत जातो, पावसाळ्यात इतर मुलांइतकाच भिजतो. हजारो लोकांनी आयुष्यभरात भोगलेल्या आजारांची आणि घेतलेल्या लसींची आठवण त्या बाटलीत आयती असते. पण ती आठवण उसनी आहे. आयजीजी रक्तात साधारण तीन आठवड्यांत निम्मे होते, आणि नवे बनवणारी पेशी त्याच्याकडे नाही. निरोगी माणसात पक्व झालेल्या प्लाझ्मा पेशी मज्जेत वर्षानुवर्षे बसून प्रतिपिंडे सोडत राहतात. येथे ते काम दिनदर्शिकेने करायचे असते. चौथ्या आठवड्यात मुलगा थकलेला वाटतो, संध्याकाळी खेळायला जात नाही, नाक वाहू लागते. एकदा बाटल्या वेळेवर न मिळाल्याने आमचे सहा आठवडे गेले आणि त्याच्या सायनसचा संसर्ग महिनाभर हटला नाही. म्हणून मात्रा देण्याच्या आधीची आयजीजी पातळी आम्ही दर तीन महिन्यांनी मोजतो आणि ती ८०० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देत नाही. ५०० पुरते असे काही ठिकाणी अजून सांगतात. आमच्या डॉक्टरांचा आग्रह वरच्या पातळीचा आहे आणि मुलाची छाती पाहता तो मला पटतो.

ही बाटली जे देत नाही ते जाहिरातीच्या पत्रकावर ठळक छापलेले नसते. तिच्यात आयजीएम जवळजवळ नसते आणि आयजीए नावापुरते असते. नाक, घसा, श्वासनलिका आणि आतडे यांच्या अस्तरावर पहारा करणारे प्रतिपिंड आयजीए असल्यामुळे तेथला पहारा उणाच राहतो, आणि न कळत फुप्फुसाच्या नळ्या रुंदावू शकतात. म्हणून पातळी उत्तम असली तरी छातीची तपासणी आणि श्वासाचे व्यायाम सोडता येत नाहीत. तोंडावाटे देण्याची पोलिओची लस अशा मुलाला चालत नाही, कारण तिच्यातील जिवंत विषाणू त्याच्या आतड्यात दीर्घकाळ राहू शकतो. घरातील दुसऱ्या लहान मुलालाही ती देऊ नये, टोचण्याची लस द्यावी. पल्स पोलिओच्या रविवारी दारावर येणाऱ्या ताईंना हे समजावून सांगताना सुरुवातीला त्यांना मी लसविरोधी आहे असे वाटले, आता त्या स्वतःच माझ्या घरी डॉक्टरांच्या पत्राची प्रत पाहून पुढे जातात. आणखी एक बाब पालकांनी लक्षात ठेवावी: बाटली दिल्यानंतर रक्तातील प्रतिपिंडांवर आधारलेल्या चाचण्या भरवशाच्या राहत नाहीत, कारण त्या दात्यांची प्रतिपिंडे मोजतात. आमच्या मुलाची एक कावीळ-चाचणी अशीच सकारात्मक आली होती आणि विषाणूच शोधणारी पीसीआर चाचणी होईपर्यंतचे चार दिवस आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक.

डे-केअरमध्ये आमच्या शेजारच्या खाटेवर दोन वर्षे एक मुलगा येत असे. त्याला तेच औषध, तीच मात्रा. पण त्याच्या बी-पेशींची संख्या अगदी व्यवस्थित होती. त्याच्या पेशींनी मज्जेतली परीक्षा पार केली होती, प्लीहेत जाऊन बॅफ या जगवणाऱ्या संदेशावर त्या पक्वही झाल्या होत्या, आणि मग पुढल्या टप्प्यावर अडकल्या होत्या. लसिका ग्रंथीत बी-पेशीला जंतूचा तुकडा सापडला की ती मदतनीस टी-पेशीकडे जाते. टी-पेशी सीडी-४० लायगँड या प्रथिनाचा हात पुढे करते, बी-पेशीवरच्या सीडी-४० ला तो मिळतो, जोडीला इंटरल्यूकिन-२१ सारखे संदेश येतात, तेव्हा कोठे बी-पेशी आयजीएम सोडून आयजीजी किंवा आयजीए बनवण्याकडे वळते, आपली प्रतिपिंडे अधिकाधिक नेमकी करते आणि प्लाझ्मा पेशी होते. त्या मुलाच्या टी-पेशींना तो हात नव्हता. त्यामुळे त्याचे आयजीएम भरपूर आणि आयजीजी नगण्य. बाटली त्याची आयजीजीची उणीव भरत होती, पण सीडी-४० लायगँडचा हात मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींसारख्या इतर पेशींनाही लागतो, आणि ते काम कोणत्याही बाटलीत भरून मिळत नाही. त्याला रोज प्रतिजैविकाची गोळी घ्यावी लागे, पाणी उकळूनच प्यावे लागे आणि त्याचे आईवडील मज्जा प्रत्यारोपणाच्या तयारीत होते. त्याच्या आईने मला एकदा विचारले की दोघांना एकच औषध असताना तुमचा मुलगा निश्चिंत आणि आमचा का नाही. मी तिला वहीत हे दोन टप्पे काढून दाखवले. या औषधाचा अभिप्राय वाचणाऱ्याने आपल्या मुलाचा संदेश कोणत्या टप्प्यावर तुटला आहे ते आधी विचारून घ्यावे, असे मी म्हणते ते त्या वहीच्या पानामुळे.

प्रत्यक्ष उत्पादनांतील फरकांविषयी. ५ टक्क्यांच्या द्रावणात ५ ग्रॅमसाठी १०० मिलिलिटर द्रव जातो, १० टक्क्यांच्या द्रावणात ५०. आम्हाला १५ ग्रॅम लागतात, म्हणजे पहिल्या प्रकारात ३०० मिलिलिटर आणि जवळजवळ पाच तास, दुसऱ्यात १५० मिलिलिटर आणि साधारण तीन तास. शाळकरी मुलाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. १० टक्क्यांचे औषध सुरू केले तेव्हा पहिल्या दोन वेळांना डोकेदुखी वाढली, नंतर आदल्या दिवसापासून भरपूर पाणी पाजणे आणि सुरुवातीचा वेग तासाला १५ मिलिलिटरपर्यंतच ठेवणे या दोन गोष्टींनी ती आटोक्यात आली. खोक्यावर स्थिरकारक, म्हणजे द्रावण टिकवणारा घटक, कोणता आहे ते जरूर पाहावे. साखरेचा, म्हणजे सुक्रोजचा वापर केलेले द्रावण मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना धोक्याचे. माल्टोज असलेल्या औषधानंतर काही प्रकारच्या ग्लुकोमीटरवर साखर खोटीच जास्त दिसते, घरात मधुमेही व्यक्तीला हे औषध चालू असेल तर हा मुद्दा जिवावरचा आहे. ग्लायसिन किंवा प्रोलिन ही अमिनो आम्ले असलेली द्रावणे आम्हाला सर्वांत सुखाची गेली. एकदा बसलेली कंपनी विनाकारण बदलू नये. आमच्या तिन्ही मोठ्या प्रतिक्रिया, थंडी वाजून ताप भरण्याच्या, कंपनी बदलल्यानंतरच्या पहिल्याच मात्रेला आल्या.

विक्रेत्यांचा अनुभव संमिश्र आहे. छापील किंमत आणि घाऊक विक्रेत्याकडून मिळणारी किंमत यांत आम्हाला जवळजवळ निम्म्याचा फरक पडला, त्यामुळे रुग्णालयाच्या दारातल्या दुकानातून पहिल्याच दिवशी सर्व बाटल्या घेऊ नयेत. पण स्वस्ताच्या मागे लागून आम्ही एकदा पोळलो. एका विक्रेत्याने मे महिन्यात बाटल्या एसटीच्या पार्सलने पाठवल्या. थर्माकोलच्या डब्यातला बर्फ वितळून गेला होता आणि खोक्यांची कागदी आवरणे भिजून लोंबत होती. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, गोठू द्यायचे नसते आणि जोराने हलवायचेही नसते. आम्ही त्या बाटल्या परत केल्या; विक्रेत्याने पैसे द्यायला दोन महिने लावले. तेव्हापासून बाटली हातात घेतल्याबरोबर मी ती उजेडात धरून गढूळपणा किंवा कण दिसतात का ते पाहते, मुदत वाचते आणि बाटलीवरची तुकडी-क्रमांकाची पट्टी सोडवून वहीत तारखेसमोर चिकटवते. पुढे कधी एखादी तुकडी बाजारातून परत मागवली गेली तर या वहीशिवाय दुसरा पुरावा आपल्यापाशी नसतो.

डे-केअर केंद्रांपैकी पहिले आम्ही सोडले. जागा स्वच्छ होती, खाटा चांगल्या होत्या, पण दुपारची पाळी संपण्याच्या आत बाटल्या संपवण्याची घाई असे. एकदा मी औषधाच्या चिठ्ठीसाठी खाली गेले असताना सलाईनचा वेग दुप्पट केला गेला. रात्री मुलाचे डोके इतके दुखले की त्याला उजेड सहन होईना, मान आखडली आणि दोन दिवस त्याला दाखल करावे लागले. मेंदूच्या आवरणाला जंतूंविना येणारी ही सूज या औषधाचा माहीत असलेला दुष्परिणाम आहे आणि वेगाशी तिचा संबंध आहे. सध्याच्या केंद्रातील सिस्टर इन्फ्युजन पंप लावतात, दर अर्ध्या तासाला नाडी, रक्तदाब आणि ताप लिहितात, वेग वाढवण्याच्या आधी मुलालाच विचारतात की तुला कसे वाटते. बाटल्या फ्रिजमधून काढून तासभर खोलीत ठेवतात. गरम पाण्यात बुडवण्याची घाई कोणी करत नाही. या सिस्टरांना मी या अभिप्रायात पाचपैकी पाच गुण देते आणि तेही कमी वाटतात.

त्वचेखाली दर आठवड्याला घरीच घ्यायचा प्रकारही आहे. त्याने पातळी महिनाभर सारखी राहते, चौथ्या आठवड्याचा थकवा येत नाही आणि सुट्टी घ्यावी लागत नाही. आम्ही तो चार महिने वापरला आणि मुलाला तो अधिक आवडला, पण आमच्या भागात पुरवठा सलग राहिला नाही, म्हणून परत शिरेवर आलो. मोठ्या शहरात नियमित मिळत असेल तर आधी त्याचाच विचार करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

खर्चाच्या बाबतीत एक उपयुक्त गोष्ट. केंद्र सरकारच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात इम्युनोग्लोब्युलिन लागणाऱ्या प्राथमिक प्रतिकारशक्ती-विकारांचा उल्लेख आहे आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्या धोरणातील उत्कृष्टता केंद्रांपैकी एक आहे. निदान झाल्यावर पहिल्याच महिन्यात तेथे नाव नोंदवावे. आम्हाला हे कोणी वेळेवर सांगितले नाही आणि तीन वर्षांचा खर्च आम्ही घराच्या कर्जावर कर्ज काढून केला.

मुलाने अलीकडे वर्तमानपत्रात वाचले की रक्ताच्या काही कर्करोगांत बीटीके बंद पाडणाऱ्या गोळ्या देतात. त्याने मला विचारले, की जे माझ्यात नाही म्हणून मला औषध लागते, तेच काही लोकांना औषध घेऊन बंद करावे लागते का? मी हो म्हटले. इब्रुटिनिब हे त्यांतले पहिले औषध २०१३ साली अमेरिकेत मंजूर झाले. बेसुमार वाढणाऱ्या बी-पेशींनाही जगण्यासाठी तोच संदेश लागतो, आणि तो तोडला की त्या मरतात. त्याच्यासारख्या मुलांच्या रक्तात काय नाही हे कळले, म्हणूनच त्या दुव्याचे महत्त्व लोकांना उमगले, हेही मी त्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग त्याने वहीतल्या पट्ट्या पहिल्यापासून मोजल्या.

सध्या आम्ही ग्लायसिन असलेले १० टक्क्यांचे द्रावण घेतो, १५ ग्रॅम, दर अठ्ठावीस दिवसांनी. मागच्या वेळी मात्रेपूर्वीची पातळी ८६० आली. पुढच्या तीन बाटल्या गुरुवारी यायच्या आहेत. डब्यात तापमान दाखवणारी पट्टी ठेवल्याशिवाय त्या स्वीकारणार नाही, असे विक्रेत्याला आजच कळवले आहे.